टिटवीचं वाचन

यंदा आभाळ वेळेआधीच भरून यायला लागलं आणि मिठागरावरच्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं.

सकाळी ऊन असे. दुपार कलली की खाडीच्या अंगाला काळी रेघ उठे, वारा ओला होई आणि मुकादम बांधावर छत्री धरून ओरडे, "ओढा रे, ओढा! वर बघू नका. वर बघून ढग पळत नाहीत."

मग सगळे आधी वर बघत आणि मग ओढत.

वाफ्यांत अजून ढीगभर मीठ पडून होतं. त्यावर एक सर आली असती, तर साऱ्या उन्हाळ्याचा घाम पुन्हा पाणी होऊन खाडीला जाऊन मिळाला असता.

टिटवीची आई रांगेच्या टोकाला उभी राही. ती मानाची जागा. वाफ्यात माणसं खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभी राहतात. प्रत्येकाच्या हातात लांब दांड्याची लाकडी फळी. टोकाचं माणूस गाण्याची ओळ देतं, बाकीचे तीच ओळ घेतात आणि ओळीच्या शेवटाला सगळ्यांच्या फळ्या एकदम मागे येतात. एखाद्याची फळी पुढेमागे झाली की मिठाचा थर फाटतो, खालचा चिखल वर येतो आणि पांढऱ्याचं काळं होतं. म्हणून ओळ देणारं माणूस लागतं. तिला देवानं गळा दिला होता. बाकी फारसं काही दिलं नव्हतं, पण गळा देताना मात्र हात आखडता घेतला नव्हता.

"मुकादमाची छत्री मोठी होऽऽ," ती ओळ देई.

"मुकादमाची छत्री मोठी होऽऽ," रांग ओळ घेई. खर्रकन फळ्या मागे.

"सावली त्याच्याच पोटाला होऽऽ."

मुकादमाला सगळं ऐकू येई. पण फळ्या सरळ येत होत्या, म्हणून तो आभाळाकडे बघत राही.

तिच्या टाचांना भेगा होत्या. भेगांत मीठ बसे, मिठानं भेग वाढे, वाढलेल्या भेगेत आणखी मीठ बसे. पायाला ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळी. दुपारपर्यंत चिंध्या वाळून लाकडासारख्या कडक होत आणि त्याच चावू लागत. एवढ्या वर्षांत त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. तिचं सगळं चित्त एका गोष्टीत होतं. टिटवी वसतिगृहात लागली पाहिजे.

पाऊस लागला की मिठागर बंद. मग ही सगळी माणसं डोंगरापलीकडे खडी फोडायला जात. तिथं शाळा नव्हती. थोरली मुलगी अशीच गेली. अर्धं वर्ष शाळा, अर्धं वर्ष खडी. पहिलीत पुन्हा पुन्हा बसली आणि एक दिवस बसायचीच राहिली. आता ती परक्या घरी भांडी घासत होती. धाकटीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. शाळेच्या मागे मुलींचं वसतिगृह होतं. दुसरीत जाणाऱ्या मुलीला तिथं ठेवून घेत. जेवण तिथंच, अंथरूण तिथंच, शाळा तर दारातच. पण जागा थोड्या. मोठ्या बाई स्वतः पुस्तक पुढ्यात ठेवून वाचून घेत. वाचता आलं तर आत. नाही आलं तर नमस्कार.

आणि टिटवीला वाचता येत होतं! सगळं पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

ते आईनं करून घेतलं होतं.

टिटवीची शाळा सुरू झाली तेव्हा वर्गातल्या बाईंनी आईला सांगितलं होतं, "हिचं घरी रोज वाचून घ्या हं. शाळेतलं शाळेत. घरी कुणी जवळ बसलं नाही तर पोरं विसरतात."

"बाई, मला कुठं येतं?"

बाईंच्या पदराला दोन पोरं लोंबकळत होती, तिसऱ्याचं नाक वाहत होतं. "तुम्ही नुसत्या बसा हो तिच्याजवळ. तिला म्हणायला लावा. चुकली की टोका."

चुकली की टोका. रस्ताभर तिनं त्यावर विचार केला. टोकायचं तर बरोबर काय ते आपल्याला ठाऊक पाहिजे. ती पंपवाल्याच्या घरी गेली. पंपवाला खाडीचं पाणी वाफ्यांत सोडी. त्याची मुलगी वरच्या इयत्तेत होती. तिच्यापुढे टिटवीचं पुस्तक धरून ती म्हणाली, "बाळ, एवढा धडा मला म्हणून दाखव. एकदाच. मी परत त्रास देणार नाही."

मुलीनं धडा वाचला. आईनं तो डोळे मिटून ऐकला. कानावरून एकदा गेलेलं तिच्यातून जात नसे. देवळाच्या पायरीवर बसून लहानपणी ऐकलेली स्तवनं तिला अजून जशीच्या तशी येत. त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तिला पाप केल्यासारखं वाटे. धडा तसाच डोक्यात घेऊन ती घरी आली. चुलीशी बसली. पोरीला पुढ्यात घेतलं. आणि तिला जशी ओळ द्यायची माहीत होती, तशी दिली.

"नदीच्या काठी बदक बसलं."

"नदीच्या काठी बदक बसलं," टिटवी म्हणाली.

"बोट ठेव की गं पुस्तकावर. बाई बोट ठेवायला सांगतात ना?"

टिटवीनं ओळीवर बोट ठेवलं आणि शेवटाला खर्रकन मागे ओढलं, आई फळी ओढते तसं. दोघी हसल्या.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला तेच. भाकरी थापताथापता आई ओळ देई, पोर ओळ घेई. नव्या धड्याला आई पंपवाल्याच्या दारात उभी राही. टिटवीचा आवाज पहिल्यापासूनच मोठा. झोपलेलं माणूस उठेल असा. म्हणून तर तिचं नाव टिटवी पडलं.

"काय गं हे," सासू कोपऱ्यातून म्हणे, "ते बदक अजून बसलेलंच आहे? कालही बसलं होतं. उठवा की त्याला कुणीतरी."

"आजी, ते उद्या पोहणार आहे."

"पोहू दे बाई. बसून बसून त्याचे पाय धरले असतील." मग म्हातारी माळ ओढीत पुटपुटे, "पोरीच्या जिभेवर देव येऊन बसलाय हो. आमच्या कुळात असं कुणी झालं नाही."

नवरा भिंतीला टेकून पायाच्या भेगांना तेल लावीत असे. तो बोलत नसे. पण चहाच्या टपरीवर त्यानं दोन-चार जणांना सांगितलं होतं, "आमची धाकटी वाचते."

उन्हाळा चढला तशी आईला ओळ द्यायची गरज राहिली नाही. टिटवी एकटीच सुरू होई. बोट ओळीखालून चाले, पान जिथं उलटायचं तिथं बरोबर उलटे. आई भाकरी उलटायची विसरून ऐकत बसे. तिला वाटे, देवानं आपलं ऐकलं. नाही तर असल्या हातांनी कुणाला काही शिकवता येतं का?

शाळेतून निरोप आला, उद्या मोठ्या बाई वाचून घेणार आहेत, आईनं मुलीला घेऊन यावं. नेमकं त्या दिवशी आभाळ सकाळपासूनच काळं.

"उद्या?" मुकादम म्हणाला. "वर बघितलंस का?"

"दादा, दुपारपर्यंत येते. धावत येते."

"आणि रांग कोण चालवणार? मी गाऊ?"

रांगेतली माणसं हसली. एक जण म्हणाला, "गा की मुकादम, ढग पळून तरी जातील."

मुकादमाला ते लागलं. त्यानं राग तिच्यावर काढला. "जा तू. खुशाल जा. पण टोकाची जागा सोडून जा. आल्यावर पाट्या उचल."

पाट्या उचलायच्या म्हणजे ओल्या मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांध चढायचा. मिठाचं पाणी केसांतून डोळ्यांत उतरतं. नव्यांना आणि म्हाताऱ्यांना ते काम देतात. तिनं हातातली फळी बाजूच्या बाईकडे दिली.

"बरं, दादा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं पायाच्या चिंध्या काढल्या आणि टाचा घासघासून धुतल्या. शाळेच्या फरशीवर तरीही पावलं उमटलीच, पांढरी. शिपायानं त्यांच्याकडे पाहिलं, तशी ती कडेकडेनं चालू लागली. मोठ्या बाईंच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर काळा फळा होता. वर्गातल्या बाईही आल्या होत्या. त्या टिटवीकडे बघून हसल्या. "ही माझी खणखणीत आवाजाची. वर्गात सगळ्यांच्या वर हिचाच आवाज असतो."

"बसा," मोठ्या बाई आईला म्हणाल्या.

"असू दे, बाई." खुर्ची ओली होईल असं तिला वाटलं, जरी कपडे कोरडे होते.

पुस्तक उघडलं गेलं. टिटवीनं बोट ठेवलं. "नदीच्या काठी बदक बसलं. बदकाला पोहायचं होतं. पण पाणी गार होतं." खोली भरून गेली. दाराशी शिपाई थांबून ऐकू लागला. पान उलटायच्या जागी टिटवीनं पान उलटलं. आईनं मनातल्या मनात हात जोडले.

मोठ्या बाई ऐकत होत्या, पण पुस्तकाकडे बघत नव्हत्या. त्या टिटवीचे डोळे बघत होत्या. टिटवीचे डोळे खिडकीबाहेर होते.

"थांब हं, बाळ." त्यांनी पान मागे उलटून मधल्या एका शब्दावर पेन्सिल टेकवली. "हा कोणता शब्द?"

टिटवीचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता, नुसते ओठ. मान तालावर डुलत होती, बोट तालाबरोबर एकेका शब्दाखाली सरकत होतं. पहिल्या ओळीपासून निघून ती त्या शब्दापर्यंत पोचली आणि म्हणाली, "गार!"

"बरोबर!" आईच्या तोंडून निघून गेलं. तिला तो शब्द कुठला, हे कुठं ठाऊक होतं? पण पोर कधी चुकलेलीच नव्हती.

वर्गातल्या बाई मात्र हसायच्या थांबल्या होत्या.

मोठ्या बाई उठल्या. फळ्यावर खडूनं त्यांनी तोच शब्द लिहिला. एकटाच. मागे नदी नाही, पुढे बदक नाही.

"हा वाच बघू."

टिटवीनं फळ्याकडे पाहिलं. दोन पांढऱ्या अक्षरांकडे. मग तिनं वळून आईकडे पाहिलं. त्या बघण्यात भीती नव्हती. रांगेतलं माणूस टोकाकडे बघतं तसं ते बघणं होतं.

"आई," ती म्हणाली, "ओळ दे ना."

आईचं तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा तिच्याजवळ ओळ नव्हती. तिनं फळ्याकडे पाहिलं. काळ्यावर पांढरं काहीतरी होतं. तिनं पोरीकडे पाहिलं. पोर वाट बघत होती.

"सांग ना गं," आई म्हणाली. "रोज तर सांगतेस."

"अहो, ती वाचत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "ती पाठ म्हणते. अक्षर तिला एकही येत नाही."

"बाई, एका शब्दालाही अडली नाही ती. तुम्ही ऐकलंत ना!"

"ऐकलं. वाचणारं पोर अडतं हो. अडतं, चुकतं, पुन्हा मागे जातं. ही कुठंच अडली नाही. मला तिथंच शंका आली."

तिला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती वर्गातल्या बाईंकडे वळली. "तुम्हीच सांगितलंत ना, बाई? म्हणायला लावा. चुकली की टोका."

वर्गातल्या बाईंनी मान खाली घातली. "वर्गात सगळी एकदम म्हणतात. माझ्या लक्षातच... एवढी पोरं असतात."

कुणी कुणावर ओरडलं नाही. मोठ्या बाईंनी पुस्तक मिटून टिटवीच्या हातात दिलं. "पहिलीत परत बसू दे. अक्षरापासून. पुढच्या वेळी बघू."

"आम्ही इथं नसतो, बाई. पाऊस पडला की जातो. तुम्ही नुसती ठेवून घ्या. ती शिकेल. तिचं डोकं फार चांगलं आहे, एकदा ऐकलं की..." तिथं ती थांबली.

"डोकं चांगलं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "खरंच चांगलं आहे. पण बाहेर आणखी मुली बसल्यात, त्यांना वाचता येतं. कुणाला नाही म्हणू?"

दोघी बाहेर आल्या. बाकावर एक चष्मेवाली पोर बापाशेजारी बसून अडखळत, घाम पुसत, एकेक अक्षर जोडत होती. "ब... द... बद... बदक." किती घाणेरडं वाचते, असं काल आईला वाटलं असतं.

"मी छान म्हटलं ना, आई?" टिटवीनं विचारलं.

"छान म्हटलंस."

मिठागरावर ती दुपारच्या आतच पोचली. टोकाला दुसरीच बाई उभी होती. तिला ओळ देता येत नव्हती. फळ्या मागेपुढे येत होत्या, चिखल वर येत होता. मुकादमानं ते पाहिलं, हिलाही पाहिलं, पण शब्द फिरवला नाही. "पाट्या तिकडे आहेत," तो म्हणाला. ती पाटी घेऊन बांध चढू लागली. खारं पाणी केसांतून उतरून डोळ्यांत गेलं. त्या दिवशी ती बरीच रडली असेल, पण तिथं पाटीखालच्या सगळ्यांचेच डोळे लाल असतात. कुणी विचारलं नाही.

"काय झालं?" संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं.

"नाही घेतलं."

"का? वाचते की ती!"

"नाही वाचत."

तिनं जमलं तेवढं सांगितलं. त्यानं तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "मग आपण ऐकत होतो ते काय होतं?"

सासूची माळ थांबली. "देव होता," ती म्हणाली, पण नेहमीसारखं जोरात म्हणाली नाही.

टिटवी पुस्तक घेऊन आपसूक चुलीपुढे येऊन बसली. दिवेलागण झाली होती. तिची वेळ झाली होती. आईनं भाकरीचे हात पुसले. पुस्तक स्वतःच्या मांडीवर ओढलं आणि पहिल्या ओळीतल्या पहिल्या अक्षरावर बोट टेकलं.

"हे काय आहे? हे एवढंच."

"नदीच्या काठी..."

"ते नको. एवढंच सांग."

"नदीच्या काठी बदक..."

आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. मारलं नाही, दाबलं नाही, नुसता ठेवला. पोर गप्प झाली. दोघी त्या अक्षराकडे बघत राहिल्या. तळहाताखाली टिटवीचे ओठ अजून हलत होते. ते कसे थांबवायचे ते आईला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी पाऊस आला. बरंचसं मीठ बांधावर आलं होतं, उरलेलं खाडीत गेलं. मुकादमानं छत्री मिटली आणि खडीवाल्याचा ट्रक आला. भांडी, फळ्या, म्हातारी, गाठोडी, सगळं वर चढलं. शाळेचं पुस्तक परत करायचं असतं. शिपायानं ते येऊन नेलं होतं.

ट्रक डोंगराच्या वळणाला लागला. रस्त्याच्या कडेला एक मोठी पाटी उभी होती, निळी, वर पांढरी अक्षरं. रांगेतली एक बाई टिटवीला कोपरानं ढोसून म्हणाली, "काय लिहिलंय गं तिथं, शाळेवाली?"

टिटवी गाठोड्यावर उभी राहिली. तिनं बोट पुढे केलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "पुढे डोंगर आहे. गाडी सावकाश चालवा. देव बघतो आहे."

"वा गं पोरी!" ट्रक हसला. "शिकली हो! बघा, न अडता वाचलं."

नवऱ्यानं चटकन बायकोकडे पाहिलं. ती पाटीकडे वळून बघत होती. पाटी मागे मागे जात होती. तिथं काय लिहिलं होतं कोण जाणे. पोर खोटं बोलली असेल, आणि नसेलही. खरं काय ते सांगणारं त्या ट्रकमध्ये कुणीच नव्हतं, आणि आता पुढेही असणार नव्हतं.

"आणखी एक येतेय बघ," बाई म्हणाली. "ती वाच."

टिटवीनं बोट पुढे केलं.